पाटीवर नसलेला वेग

लेथच्या हेडस्टॉकवर एक लहानशी पितळी पाटी बसवलेली असते. यंत्र किती वेगांनी फिरू शकते, ते तिच्यावर कोरलेले असते. डहाणूच्या मसोली भागातल्या एका वर्कशॉपमध्ये १९७०च्या दशकात मी चार वर्षे काम केले. तिथल्या पाटीवर आठ आकडे होते: ४०, ६३, १००, १६०, २५०, ४००, ६३०, १०००. हे मिनिटाला होणारे फेरे. पट्टा चार पायऱ्यांच्या कोन पुलीवर सरकवायचा, बॅक गिअर लावायचा किंवा सोडायचा, की या आठांतला एक वेग मिळे. मधला कोणताही मिळत नसे.

आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलो होतो आणि लेथचा वेग कसा काढतात हे मला पाठ होते. श्रावणाचे दिवस होते. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली आणि डहाणू खाडीतल्या एका बोटीचा शाफ्ट आमच्याकडे आला होता. पंख्यामागच्या बुशमध्ये जिथे तो फिरतो, ती सुमारे ३०० मिलिमीटर लांबीची जागा ४० मिलिमीटर व्यासाला उतरवायची होती. मिस्त्री जेवायला घरी गेले होते. मी खडूने जमिनीवर गणित मांडले. माइल्ड स्टील, हायस्पीड स्टीलचे टूल, तक्त्यातला वेग मिनिटाला २५ मीटर. उत्तर आले २०० फेरे.

पाटीवर २०० नव्हते. खाली १६०, वर २५०. विशीतल्या मुलाने जे करावे तेच मी केले. २५० लावले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते आठवायला अजूनही बरे वाटत नाही. दोन-तृतीयांश लांबी झाली आणि आवाज बदलला. चिप्स निळ्या पडू लागल्या, मग टूलचे टोक बसले आणि ते कापायच्या ऐवजी घासू लागले. पृष्ठभाग ओरबाडला गेला. मी घाईने दुसरे टूल लावले, ओरखडे काढायला पुन्हा कट घेतला आणि तो पाव मिलिमीटर जास्त खोल गेला. लोखंड कापता येते, परत चिकटवता येत नाही. मिस्त्री आले, त्यांनी मायक्रोमीटर लावला आणि काही बोलले नाहीत. त्या रात्री बसून त्यांनी गनमेटलचा नवा बुश बारीक भोकाचा बोर केला, माझ्या बिघडलेल्या शाफ्टला बसेल असा. बोट ठरल्या भरतीला निघाली नाही, दोन दिवसांनी निघाली. नाखवा मिस्त्रींना म्हणाला, “मिस्त्री, तुमच्या भरवशावर होतो.” मिस्त्री म्हणाले, “माझीच चूक झाली, नाखवा.” तो निघून गेल्यावर माझ्याकडे वळून एवढेच म्हणाले, “पाटीवर नसला तर खालचा धरायचा, पोरा. वरचा कधी नाही.”

हा नियम माझ्या पुस्तकात नव्हता. जवळचा आकडा घ्या, असे पुस्तकात होते आणि २०० पासून १६० चाळीसने दूर, २५० पन्नासने. म्हणजे पुस्तकाप्रमाणेही मी चुकलो होतो, पण थोडक्यात. मग एवढे नुकसान कसे झाले? तो आकडा मुळात आला कुठून, तो कुणी आणि कशासाठी काढला, याचा शोध मी नोकरी संपल्यावर, हातात वेळ आल्यावर घेतला. हा लेख त्या शोधाचा आहे.

आधी गणित, कारण त्यावाचून पुढचा इतिहास कळणार नाही. जाते फिरते तेव्हा खुंटा धरलेला हात मोठा फेरा घेतो आणि मधला खिळा जागच्या जागी वळतो. फेऱ्यांची संख्या दोघांची एकच, अंतर वेगळे. लेथवर टूलला फेऱ्यांशी देणेघेणे नसते. त्याच्या धारेवरून मिनिटाला किती मीटर धातू सरकतो, एवढेच त्याला जाणवते. याला पुस्तकात ‘कर्तन वेग’ म्हणतात, वर्कशॉपमध्ये नुसते ‘स्पीड’. जॉबचा घेर म्हणजे व्यास गुणिले ३.१४. म्हणून मीटरमधल्या कर्तन वेगाला १००० ने गुणून मिलिमीटर करायचे आणि घेराने भागायचे. तोंडी हिशेबासाठी वेगाला ३२० ने गुणून व्यासाने भागले तरी चालते. २५ गुणिले ३२० भागिले ४०, म्हणजे २००. जाड जॉब सावकाश फिरवायचा, बारीक जॉब जोरात, हे त्यातूनच येते.

मिस्त्रींच्या पिढीला हे सूत्र दुसऱ्या आकड्यांत माहीत होते. त्यांचे माप इंच आणि फूट, म्हणून त्यांचे सूत्र ‘वेग गुणिले चार भागिले व्यास’. आपल्याकडे वजनमापांचा दशमान कायदा १९५६चा, पुढच्या काही वर्षांत तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. बाजारातला शेर गेला आणि किलो आला हे सगळ्यांना आठवते. वर्कशॉपमध्ये चारच्या जागी ३२० आले, हे मात्र कुणी लिहून ठेवले नाही. आमच्या यंत्राचा लीडस्क्रू इंचाचा होता आणि माझे शिक्षण मिलिमीटरचे.

सूत्रातला व्यास मोजता येतो, ३२० हे निव्वळ गणित आहे. सगळा घोळ उरतो तो कर्तन वेगाच्या आकड्यात. माइल्ड स्टीलला २५ ते ३० मीटर, बिडाला साधारण २०, पितळेला ६० किंवा अधिक, हे आकडे आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले होते. मला ते धातूचा गुणधर्म वाटत, जसे पाणी शंभर अंशांना उकळते तसे. तसे ते नाहीत. ते एका भांडणातून आलेले आहेत.

भांडण अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे. फ्रेडरिक विन्स्लो टेलर नावाचा तरुण १८७८ मध्ये तिथल्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात लागला आणि थोड्याच काळात लेथवाल्यांचा गँगबॉस झाला. लेथवाले ठरवून कमी काम काढतात हे त्याला माहीत होते, कारण तोही त्यांच्यातच होता. जास्त काम काढावे म्हणून तो त्यांच्या मागे लागला. हे वैर दोन-तीन वर्षे चालले. त्यात त्याच्या लक्षात आले की आपली बाजू लंगडी आहे. लेथवाला म्हणतो की यंत्र याहून जोरात चालवले तर टूल जाईल, आणि ते खोटे आहे हे सिद्ध करायला आपल्याकडे काहीच नाही. वेगाचे ज्ञान कारागिराच्या कानात आणि बोटांत होते, मालकाच्या वहीत नव्हते.

म्हणून टेलरने मालकांची परवानगी काढून प्रयोग सुरू केले. सहा महिन्यांत संपतील असे वाटले होते, त्यांना २६ वर्षे लागली. डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे, तिचा अध्यक्ष या नात्याने, त्याने धातू कापण्याच्या कलेवरचा आपला प्रबंध मांडला. नोंदवलेले प्रयोगच तीस ते पन्नास हजार होते. आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा त्यात चुरा झाला. धारेवर पाण्याचा जाड झोत सोडला तर वेग तीस-चाळीस टक्क्यांनी वाढवता येतो, हे त्यातलेच एक फळ. बेथलेहेमच्या कारखान्यात मॉन्सेल व्हाइट याच्याबरोबर, नेहमीपेक्षा फार जास्त तापवून कडक केलेल्या टूलचे पोलाद हाती लागले हे दुसरे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्या टूलची टोके लाल होऊनही लोखंड कापत होती. ज्या हायस्पीड स्टीलच्या भरवशावर मी २५० फेरे लावले, ते हेच.

टेलरने वेगावर परिणाम करणाऱ्या बारा गोष्टी मोजल्या. धातूची जात, जॉबचा व्यास, कटाची खोली, चिपची जाडी, टूलचे पोलाद, धारेचा आकार, पाणी वगैरे. जॉब आणि टूल किती लवचिक आहेत आणि त्यामुळे थरथर किती होते, हेही त्याच यादीत आहे. आणि शेवटाकडे आणखी एक: लेथवर मुळात कोणकोणते वेग मिळू शकतात. म्हणजे माझी पितळी पाटी टेलरच्या यादीत होती. बारा गोष्टींचे समीकरण हाताने सोडवणे अशक्य, म्हणून कार्ल बार्थ या मूळच्या नॉर्वेच्या गणितज्ञाने त्यासाठी खास स्लाइड रूल बनवल्या. स्लाइड रूल योजना-कक्षात असे आणि लेथवाल्याच्या हाती सूचनांचे कार्ड येई. टेलरच्या दृष्टीने हाच विजय होता. पुढे याच पद्धतीवरून १९११ मध्ये वॉटरटाउनच्या शस्त्रागारात संप झाला आणि टेलरला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहावे लागले, पण तो विषय स्टॉपवॉचचा आहे, इथे लांबवत नाही.

मला अडवले ते एका तपशिलाने. टेलरने वेग मोजण्यासाठी जो मापदंड घेतला तो असा: ज्या वेगाला टूल २० मिनिटांत निकामी होते, तो वेग. प्रयोगांसाठी ही सोय होती, कारण टूल मरेपर्यंत थांबल्याशिवाय तुलना करता येत नाही. पण त्यातून एक गोष्ट उघडी पडते. कुठलाही वेग ‘टूलला सोसणारा’ नसतो. प्रत्येक वेगाला टूल मरतेच, प्रश्न फक्त किती वेळाने. तक्ता करणारा आधी ठरवतो की टूल किती मिनिटांनी मेलेले चालेल, आणि मग वेग लिहितो. नंतरच्या तक्त्यांत सर्वसाधारणपणे तासभर आयुष्य धरत. माझ्या २५ मीटरमागे तो तास दडलेला होता आणि तो मला कुणी सांगितला नव्हता.

टेलरच्या नावाने आजही शिकवले जाणारे समीकरण वेग आणि आयुष्य यांचा हाच संबंध सांगते. हायस्पीड स्टीलसाठी घातांक ढोबळमानाने एक-अष्टमांश येतो. म्हणजे वेग बदलला की आयुष्य त्याच्या आठव्या घाताने उलट बदलते. वेग दहा टक्के वाढवा, आयुष्य निम्म्याहून खाली येते. आता माझा शाफ्ट घ्या. २५० फेऱ्यांना कर्तन वेग होतो ३१.४ मीटर, म्हणजे २५च्या सव्वापट. सव्वाचा आठवा घात सुमारे सहा. तासाचे आयुष्य दहा मिनिटांवर आले. फीड फेऱ्यामागे ०.१ मिलिमीटर होते, त्याने ३०० मिलिमीटर कापायला २५० फेऱ्यांना १२ मिनिटे लागतात. टूल वाटेतच मरणार होते आणि ते वाटेतच मेले. १६० फेऱ्यांना वेग २० मीटर, आयुष्य जवळजवळ पावणेसहा तास, आणि कापायला लागली असती पावणेएकोणीस मिनिटे. सात मिनिटे वाचवायला गेलो होतो. पाटीवरच्या त्या दोन शेजारी आकड्यांमध्ये टूलच्या आयुष्याचा फरक पस्तीस पट आहे. अर्थात आयुष्याचे हे आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात धार, पाणी, पोलादाची जात यांनी ते बरेच हलतात. पण वरच्या बाजूला दरी आहे आणि खालच्या बाजूला उतार, हे चित्र हलत नाही.

पाटीवर २०० का नव्हते, यालाही इतिहास आहे. ४०, ६३, १००, १६०: प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.५८ पट. वेग समान अंतराने वाढवले तर जाड जॉबला पायऱ्या फार लांब पडतात आणि बारीक जॉबला निरर्थक जवळ. पटीने वाढवले की कुठल्याही व्यासाला होणारी चूक सारख्याच प्रमाणात राहते. या आकड्यांची मालिका शार्ल रनार या फ्रेंच सैन्यातल्या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. १८७०च्या दशकात त्याच्या ताब्यात लष्करी फुगे होते आणि फुग्यांच्या दोरांच्या शेकडो जाड्यांनी तो जेरीस आला होता. त्याने पटीच्या हिशेबाने त्या १७ वर आणल्या. डहाणूला फुग्यांचे कारखाने आहेत, ते पोरांच्या फुग्यांचे. आमच्या लेथवरची पाटीही फुग्यांतूनच आली, हे तेव्हा ठाऊक असते तर मिस्त्रींना सांगून थोडे हसवले असते.

आता मिस्त्रींकडे येतो. ते वर्कशॉपमध्ये येण्याआधी मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात होते. १८६४ मध्ये मुंबई ते गुजरात अशी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची अखंड वाट झाली. डहाणूचा माणूस परळच्या कारखान्यात पोहोचला तो त्याच वाटेने. आपल्याकडे लेथ शिकणे म्हणजे दीर्घकाळ असेच होते: रेल्वेचे कारखाने, गिरण्यांची दुरुस्ती-खाती, गोदी. शाळेतून शिकण्याची वाट अरुंद होती. मुंबईतली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ची. तिथे ड्रॉइंग शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रांच्या नादी लागले आणि पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, ही गोष्ट दिवाळी अंकांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढून लेथ बनवायला सुरुवात केली. एचएमटी आली १९५३ मध्ये. आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५०ची. लेथ, तक्ता आणि तो वाचणारा मुलगा हे तिघे आपल्या लहान गावांत एकत्र आले ते या काळात. मिस्त्री त्याआधीचे.

त्याआधीच्यांच्या हाताला कार्बन स्टीलची टूले होती. ती अडीचशे अंशांच्या आसपास नरम पडू लागतात, म्हणून वेग हायस्पीडच्या निम्मा. चिपला गवती रंग आला की सावध व्हायचे, निळा आला की थांबायचे, हे तेव्हापासूनचे. मिस्त्रींची सबुरी थोडी त्या जुन्या पोलादाचीही होती, हे मान्य केले पाहिजे. पितळ ते उगाच सावकाश कापत. पितळेला ते शंभर फेऱ्यांवर ठेवत तिथे चारशे चालले असते, आणि मी एकदा चालवून दाखवलेही. ते पाहून “हं” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभरवर गेले. कारागिराचे ज्ञान म्हणजे सगळे शहाणपण आणि तक्ता म्हणजे सगळी लूट, असे काही मला म्हणायचे नाही.

पण शाफ्टच्या बाबतीत ते बरोबर होते आणि त्याचे कारण मसोलीत आहे. तक्त्यातला तास कुणाच्या सोयीचा? जिथे एकाच मापाचे शेकडो जॉब निघतात, यंत्राचा प्रत्येक मिनिट पैशात मोजला जातो, आणि टूल गेले की धार लावून देणारा वेगळा माणूस बसलेला असतो, तिथल्या मालकाच्या. आमच्याकडे दिवसाला पाच-सात जॉब, प्रत्येक निराळा: बोटीचा शाफ्ट, चिकूच्या वाडीतल्या विहिरीवरच्या पंपाचा बुश, बैलगाडीच्या आसाची दुरुस्ती, भातगिरणीची पुली. यंत्र अर्धा दिवस रिकामे उभे असे. टूल बिट एकच, धार स्वतः लावायची, आणि ती लावायला शाफ्टवर वाचणाऱ्या सात मिनिटांहून जास्त वेळ जाई. शिवाय फसला तर दुसरा शाफ्ट नव्हता. अशा ठिकाणी योग्य वेग हिशेबानेच खाली उतरतो. टेलरचेच समीकरण मसोलीच्या आकड्यांनी सोडवले तर उत्तर मिस्त्रींचे येते.

डहाणूत हे चित्र लांबले, याला सरकारी कारणही आहे. २० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांवर मर्यादा आल्या. दक्षिणेला बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत, उत्तरेला गुजरातेत उंबरगाव आणि वापी, मध्ये आम्ही. थोक उत्पादन दोन्ही बाजूंना वाढले आणि आमच्याकडे दुरुस्तीची कामे राहिली. वाड्या वाचल्या ते चांगलेच झाले. मात्र आमच्या आयटीआयच्या मुलाने शिकलेला तक्ता ज्या कामाचा होता, ते काम रोज लोकल किंवा शटल पकडून जाण्याच्या अंतरावर होते.

तिकडे आता तक्ताही मागे पडला. १९२०च्या दशकात जर्मनीत क्रुपने टंगस्टन कार्बाइडची टूले ‘विडिया’ नावाने आणली. नावाचा अर्थ ‘हिऱ्यासारखे’. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचे कार्बाइड टूल असो, कारागीर त्याला विडियाच म्हणतो. वेग त्याने कित्येक पटींनी वाढला. आणि सीएनसी लेथवर ‘जी ९६’ हा संकेत दिला की यंत्र कर्तन वेग कायम ठेवते: टूल तोंडावरून मध्याकडे सरकते, व्यास कमी होतो, तसे फेरे आपोआप वाढत जातात. पाटी नाही, पायऱ्या नाहीत. २०० हवे तर २०० मिळतात. फक्त किती मीटर, हा आकडा अजून कुणीतरी आत घालावा लागतो, आणि तो टूलच्या डबीवर छापलेला असतो.

ते वर्कशॉप बंद झाले तेव्हा टूलचे लाकडी कपाट भंगारात जाणार होते, म्हणून मी त्याचे दार काढून आणले. दाराच्या आतल्या बाजूला मिस्त्रींनी ऑइलपेंटने एक तक्ता रंगवला होता. चार वर्षे मी ते दार उघडत होतो आणि तो जुन्या कुणाचा हिशेब असेल असे समजून कधी वाचला नव्हता. डावीकडे व्यास इंचांत, अर्ध्यापासून सहापर्यंत, उजवीकडे पट्ट्याची पायरी. मी प्रत्येक ओळ चारच्या सूत्राने तपासली. मिस्त्रींनी हिशेब अचूक केलेला आहे, आणि जिथे उत्तर दोन पायऱ्यांच्या मध्ये पडते तिथे प्रत्येक वेळी खालची पायरी लिहिली आहे. दीड इंचापुढे १६०. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: ‘पावसात पट्टा आधी पाहणे.’